वादग्रस्त भूमी आणि युद्धगुन्ह्यांचा न्याय

एखाद्या शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांमध्ये वाद चालू आहे, अशी कल्पना करा. सातबाराच्या उताऱ्यावर एकाचे नाव आहे, प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची आहे आणि दिवाणी दावा कित्येक वर्षे न्यायालयात पडून आहे. अशा शेतात एके दिवशी खून होतो. शेत कोणाच्या मालकीचे याचा निकाल लागेपर्यंत पोलीस तपास थांबवून ठेवीत नाहीत. पंचनामा होतो, आरोपी पकडला जातो, सत्र न्यायालयात खटला उभा राहतो. "जमीन माझीच आहे" असा बचाव आरोपीने केला, तरी न्यायाधीश त्याला एवढेच सांगतील की तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा आहे. येथे विचार चालला आहे तो एका माणसाच्या मृत्यूचा.

आता शेताच्या जागी एखादा प्रांत आणि शेजाऱ्यांच्या जागी दोन राष्ट्रे आहेत असे समजू. त्या प्रांतात युद्ध होते, गावे जाळली जातात, नागरिकांना हाकलून दिले जाते, कैद्यांचा छळ होतो. येथेही मालकीचा वाद बाजूला ठेवून गुन्ह्याचा विचार करता येईल काय? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. परंतु गावातील दोन्ही शेजारी एकाच राज्याच्या कायद्याखाली राहतात आणि त्या शेतावरील न्यायालयाचा अधिकार शेताच्या मालकाने दिलेला नसतो. राष्ट्रांच्या जगात परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे न्यायालयाला अधिकार मिळतो तो बहुधा एखाद्या राष्ट्राच्या संमतीने. मग जी भूमी कोणाची हेच ठरलेले नाही, त्या भूमीबाबत संमती कोणी द्यावयाची? या लेखाचा विषय हा प्रश्न आहे.

दोन न्यायालये, दोन कामे

नेदरलँड्समधील हेग या शहरात दोन मोठी आंतरराष्ट्रीय न्यायालये आहेत आणि वृत्तपत्रांच्या वाचकांकडून त्यांची नेहमी गल्लत होते. त्यांपैकी आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रसंघाचे अंग आहे. तेथे राष्ट्राविरुद्ध राष्ट्र असा दावा चालतो. सीमा कोठे आहे, बेट कोणाचे आहे, कराराचा भंग कोणी केला, असे प्रश्न तेथे सुटतात. स्थूलमानाने ते राष्ट्रांचे दिवाणी न्यायालय होय.

दुसरे आहे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १७ जुलै १९९८ रोजी रोम येथील परिषदेत त्याच्या स्थापनेचा करार संमत झाला. १२० राष्ट्रांनी बाजूने व ७ राष्ट्रांनी विरुद्ध मत दिले. २१ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि त्यांत भारतही होता. १ जुलै २००२ रोजी हा करार अमलात आला. या न्यायालयापुढे राष्ट्र आरोपी म्हणून उभे राहत नाही, व्यक्ती उभी राहते. मग ती साधा सैनिक असो, सेनापती असो वा राष्ट्रप्रमुख असो. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण हे चार गुन्हे त्याच्या कक्षेत येतात.

हा भेद लक्षात घेतला की पहिली गोष्ट स्पष्ट होते. फौजदारी न्यायालय सीमा आखू शकत नाही. ते त्याचे काम नाही आणि तशी सत्ताही त्याला कोणी दिलेली नाही. तथापि "हा गुन्हा कोठे घडला" हा प्रश्न त्याला टाळता येत नाही, कारण त्याचा अधिकारच त्या उत्तरावर अवलंबून असतो.

अधिकार येतो कोठून

रोम कराराच्या बाराव्या कलमात न्यायालयाच्या अधिकाराचे दोन मुख्य आधार सांगितले आहेत. गुन्हा सदस्य राष्ट्राच्या भूमीवर घडलेला असावा, किंवा आरोपी सदस्य राष्ट्राचा नागरिक असावा. दोहोंपैकी एक पुरेसा आहे. म्हणजेच सदस्य नसलेल्या देशाच्या सैनिकाने सदस्य राष्ट्राच्या भूमीवर गुन्हा केला, तर त्याच्या देशाची संमती नसतानाही त्याच्यावर खटला चालू शकतो. परक्या देशात चोरी करणाऱ्या प्रवाशाला तेथील कायदा लागू होतो, त्यासाठी त्याच्या मायदेशाची परवानगी लागत नाही. हे तत्त्व त्यासारखेच आहे.

याच कलमात आणखी एक सोय आहे. जे राष्ट्र सदस्य नाही ते लेखी निवेदन देऊन एखाद्या विशिष्ट काळापुरता व परिस्थितीपुरता न्यायालयाचा अधिकार मान्य करू शकते. याशिवाय संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा समिती एखादे प्रकरण न्यायालयाकडे सोपवू शकते आणि तेव्हा भूमीची वा नागरिकत्वाची अट राहत नाही. परंतु सुरक्षा समितीत पाच राष्ट्रांना नकाराधिकार असल्यामुळे ज्या प्रकरणात त्यांपैकी एखाद्याचे हितसंबंध गुंतलेले असतात, तेथे हा मार्ग बहुधा बंदच राहतो.

वादग्रस्त भूमीच्या बाबतीत सारा भार "सदस्य राष्ट्राच्या भूमीवर" या शब्दांवर येऊन पडतो. त्या शब्दांची फोड केली की दोन निरनिराळे प्रश्न हाती लागतात. पहिला: संमती देणारा पक्ष हे राष्ट्र आहे काय? दुसरा: ज्या जागी गुन्हा घडला ती जागा त्या राष्ट्राच्या भूमीत मोडते काय?

ताबा आणि मालकी

पुढील उदाहरणांकडे वळण्यापूर्वी युद्धविषयक कायद्यातील एक जुना सिद्धान्त पाहणे आवश्यक आहे. १९०७ च्या हेग नियमांनुसार एखादा प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला की तो व्याप्त प्रदेश ठरतो. व्यापणाऱ्या सत्तेवर तेथील सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी येते. सार्वभौमत्व मात्र तिच्याकडे जात नाही. ताबा बदलतो, मालकी बदलत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराने त्यात नागरिकांच्या संरक्षणाची भर घातली. व्याप्त प्रदेशातील लोकांना बळजबरीने हाकलणे आणि व्यापणाऱ्या सत्तेने आपली प्रजा तेथे नेऊन वसविणे, या दोन्ही गोष्टींना त्या कराराच्या ४९ व्या कलमाने मनाई केली आहे. रोम करारात त्यांची गणना युद्धगुन्ह्यांत झाली. वसाहतींविषयीचे हे कलम आपल्या विरोधी मताचे एक कारण असल्याचे इस्रायलने रोममध्येच सांगितले होते. वादग्रस्त भूमीचा प्रश्न अशा रीतीने या न्यायालयाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबतीला आहे.

भारतीय वाचकाला ताबा व मालकी यांतील हा भेद अपरिचित नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४५ वे कलम आपल्याकडील तालुक्याच्या गावीही ठाऊक असे. जमिनीच्या वादातून शांतताभंग होण्याचा संभव दिसला, तर दंडाधिकारी हक्काच्या गुणदोषांत न शिरता प्रत्यक्ष कब्जा कोणाचा होता एवढेच ठरवीत असे. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तशीच तरतूद ठेवलेली आहे. मूळ वादाला हात न लावता त्या वादाच्या छायेत राहणाऱ्या माणसांचे रक्षण करणे, हा त्यामागील विचार होय. हेगच्या फौजदारी न्यायालयाला हेच करावयाचे असते, परंतु कितीतरी अधिक अवघड परिस्थितीत.

दक्षिण ओसेशिया: मान्यतेचा प्रश्न

तीन प्रकरणांवरून ही अवघड वाट समजून घेता येईल. ती सोप्याकडून कठीणाकडे अशा क्रमाने पाहू.

ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जिया व रशिया यांच्यात दक्षिण ओसेशियावरून युद्ध झाले. हा प्रदेश जॉर्जियाच्या सीमेत असला तरी १९९० नंतरच्या दशकापासून त्याचा बराचसा भाग जॉर्जियाच्या अमलाबाहेर होता. २६ ऑगस्ट २००८ रोजी रशियाने त्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली. जॉर्जिया २००३ पासून फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे, रशिया नाही. अभियोक्त्याने न्यायालयाला सादर केलेल्या अर्जानुसार त्या संघर्षात जॉर्जियन वंशाच्या १३,४०० ते १८,५०० नागरिकांना घरे सोडणे भाग पडले होते.

हे गुन्हे जॉर्जियाच्या भूमीवर घडले असे म्हणावयाचे काय? २७ जानेवारी २०१६ रोजी तपासाला परवानगी देताना न्यायाधीशांनी होय असे उत्तर दिले. दक्षिण ओसेशियाला जगातील बहुतेक राष्ट्रांनी मान्यता दिलेली नाही व ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य नाही, म्हणून त्या काळात ते जॉर्जियाचाच भाग होते, असे त्यांनी मानले. एखाद्या सरकारचा अंमल त्या गावांपर्यंत पोहोचत नव्हता, एवढ्याने त्याने दिलेली संमती लुळी पडत नाही, असा याचा अर्थ होतो.

या प्रकरणाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. फौजदारी न्यायालय राष्ट्रीय न्यायालयांना पूरक म्हणून काम करते. एखादे राष्ट्र स्वतः प्रामाणिकपणे तपास करीत असेल, तर हेगने त्यात पडावयाचे नसते. परंतु वादग्रस्त भूमीत ज्या राष्ट्राला तपास करण्याची इच्छा असते त्याला तेथे पाऊल ठेवता येत नाही, आणि ज्याला पाऊल ठेवता येते त्याला इच्छा नसते. जॉर्जियाने आपला देशांतर्गत तपास २०१५ मध्ये थांबविला, त्यानंतरच हेगची वाट मोकळी झाली. जून २०२२ मध्ये तीन व्यक्तींविरुद्ध पकड वॉरंटे निघाली. त्स्खिन्वाली येथील कोठडीत जॉर्जियन नागरिकांना डांबून त्यांचा छळ केल्याशी हे आरोप निगडित होते. डिसेंबर २०२२ मध्ये अभियोक्त्याने तपासाचे काम संपल्याचे जाहीर केले.

क्रिमिया: विलीनीकरणाचा प्रश्न

दुसरे प्रकरण क्रिमियाचे. मार्च २०१४ मध्ये रशियाने हा द्वीपकल्प आपल्यात विलीन करून घेतल्याचे जाहीर केले. रशियाच्या दृष्टीने त्यानंतर क्रिमिया हा वादाचा विषयच उरला नाही. २७ मार्च २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा पुरस्कार करणारा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ५८ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारत त्यांपैकी एक होता.

युक्रेन तेव्हा फौजदारी न्यायालयाचा सदस्य नव्हता. म्हणून त्याने बाराव्या कलमातील निवेदनाचा मार्ग अनुसरला. २०१४ व २०१५ अशी दोन निवेदने देऊन त्याने आपल्या भूमीवरील घटनांबाबत न्यायालयाचा अधिकार मान्य केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये अभियोक्त्याच्या कार्यालयाने आपल्या वार्षिक अहवालात क्रिमियातील परिस्थिती ही दोन राष्ट्रांमधील सशस्त्र संघर्ष असून ती व्यापाची स्थिती आहे, असे मत नोंदविले. त्याच सुमारास रशियाने रोम करारावरील आपली सही मागे घेतली. ती सही १६ वर्षांपूर्वीची होती, पण रशियाने कराराला मान्यता कधीच दिली नव्हती.

अभियोक्त्याच्या मताचे महत्त्व असे की एकतर्फी विलीनीकरणाने युद्धविषयक कायदा संपत नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. तसे नसते तर कोणत्याही बलाढ्य राष्ट्राला आधी प्रदेश जिंकून, मग तो आपलाच असल्याचे जाहीर करून, तेथील लोकांना कायद्याच्या संरक्षणातून वगळता आले असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धाचा विस्तार झाल्यानंतर पुढील महिन्यात तपास सुरू झाला. १७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन आणि बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध पकड वॉरंटे काढली. युक्रेनच्या व्याप्त प्रदेशांतून मुलांना बेकायदा रशियात नेल्याचा हा आरोप आहे. १ जानेवारी २०२५ पासून युक्रेन स्वतः न्यायालयाचा १२५ वा सदस्य झाला.

पॅलेस्टाइन: राष्ट्रत्वाचा प्रश्न

जॉर्जिया व युक्रेन ही राष्ट्रे आहेत याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद त्यांच्या सीमांचा होता. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही प्रश्न एकत्र आले.

जानेवारी २००९ मध्ये पॅलेस्टाइनच्या प्रशासनाने न्यायालयाचा अधिकार मान्य करणारे निवेदन दिले. असे निवेदन देण्याचा हक्क फक्त राष्ट्राला असतो. तीन वर्षांहून अधिक काळ विचार करून एप्रिल २०१२ मध्ये अभियोक्त्याने कळविले की पॅलेस्टाइन हे राष्ट्र आहे किंवा नाही हे ठरविणे त्याच्या कार्यालयाचे काम नाही. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी आमसभेने पॅलेस्टाइनला सदस्य नसलेल्या निरीक्षक राष्ट्राचा दर्जा दिला. १३८ मते बाजूने पडली, ९ विरुद्ध, आणि ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. त्या दर्जाच्या आधारे पॅलेस्टाइनने रोम करारात प्रवेश केला आणि १ एप्रिल २०१५ पासून तो त्याला लागू झाला.

प्रवेश झाला, पण भूमी कोणती? पॅलेस्टाइनच्या सीमा कोणत्याही अंतिम कराराने ठरलेल्या नाहीत. २०२० मध्ये अभियोक्त्याने हा प्रश्न न्यायाधीशांपुढेच ठेवला. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी खटलापूर्व पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. पॅलेस्टाइन कराराचा सदस्य आहे. त्याचा प्रवेश रीतसर झालेला असल्यामुळे त्याच्याबाबतीत करार इतर सदस्यांप्रमाणेच चालेल. आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र १९६७ पासून इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशापर्यंत, म्हणजे गाझा व पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनारा येथवर पोहोचते. परंतु त्याच निर्णयात पीठाने स्पष्टपणे बजावले की हा सीमावादाचा निवाडा नव्हे आणि भावी सीमांविषयीचे मतही नव्हे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण अर्थाने पॅलेस्टाइन राष्ट्र आहे काय, हा प्रश्नही त्याने सोडविला नाही. कराराच्या कामापुरते त्याला सदस्य मानणे पुरेसे आहे, असे त्याने ठरविले.

या निर्णयावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तिसरे न्यायाधीश पेटर कोवाच यांनी भिन्नमत नोंदविले. इस्रायल रोम कराराचा सदस्य नाही. त्याचे म्हणणे असे की सार्वभौम राष्ट्र नसलेल्या पक्षाला हा अधिकार सोपविताच येत नाही. शिवाय ऑस्लो करारांनुसार इस्रायली नागरिकांवर फौजदारी अधिकार चालविण्याची सत्ता पॅलेस्टिनी प्रशासनाकडे नाही. मग जी सत्ता आपल्याजवळ नाही ती दुसऱ्याला कशी देता येईल? या युक्तिवादाला बहुमताच्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे की अधिकार असणे आणि तो वापरता येणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि व्याप्त प्रदेशातील लोकांचे संरक्षण करारांनी कमी करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री योआव्ह गॅलंट आणि हमासचे सेनानी मोहम्मद दैफ यांच्याविरुद्ध वॉरंटे निघाली. दैफ यांच्या मृत्यूची खात्री पटल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्धची कार्यवाही संपुष्टात आली. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला सदस्य नसलेल्या इस्रायलच्या भूमीवर झाला होता. तेथे न्यायालयाचा अधिकार पोहोचतो तो आरोपींच्या पॅलेस्टिनी नागरिकत्वाच्या दारातून. याचा अर्थ असा की पॅलेस्टाइनला सदस्य मानण्याचे परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागतात. अधिकारक्षेत्राविषयीचा इस्रायलचा आक्षेप अकाली म्हणून खटलापूर्व पीठाने फेटाळला होता. २४ एप्रिल २०२५ रोजी अपील पीठाने तो निर्णय रद्द करून आक्षेपाचा नव्याने विचार करण्यास सांगितले. वॉरंटे मात्र त्यामुळे रद्द झाली नाहीत.

अधिकाराच्या मर्यादा

तिन्ही प्रकरणांतून एक समान पद्धत दिसते. न्यायालय सार्वत्रिक मान्यता, आमसभेचे ठराव, व्यापाविषयीचा प्रस्थापित कायदा यांसारख्या, आपण स्वतः निर्माण न केलेल्या आधारांवर उभे राहते आणि गुन्ह्याच्या विचारासाठी लागेल तेवढेच ठरविते. भूमीचा अंतिम स्वामी कोण हा प्रश्न ते वाटाघाटींसाठी वा अन्य न्यायासनासाठी ठेवून देते.

तरीही हा संयम पूर्णपणे निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. सीमा ठरवीत नसल्याचे न्यायालयाने कितीही सांगितले, तरी ज्याच्या बाजूने निर्णय जातो तो पक्ष त्यात आपल्या दाव्याला दुजोरा पाहतो व दुसरा पक्ष त्यात अन्याय पाहतो. अशा भीतीपायीच अनेक राष्ट्रे या न्यायालयापासून दूर राहिली आहेत. भारताचे आक्षेप काहीसे निराळे होते. सुरक्षा समितीला मिळालेले विशेष अधिकार, अभियोक्त्याला स्वतःहून तपास सुरू करण्याची मुभा आणि अण्वस्त्रांच्या वापराचा व दहशतवादाचा समावेश न होणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. न्यायासनाच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियो येथे चाललेल्या खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये भिन्न निकालपत्र देऊन, विजेत्यांनी पराभूतांवर चालविलेल्या त्या खटल्याच्या कायदेशीर पायालाच आव्हान दिले होते.

दुसरी मर्यादा व्यवहारातील आहे. न्यायालयाजवळ पोलीस नाहीत आणि आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालविता येत नाही. अटक करावयाची ती सदस्य राष्ट्रांनी. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन यांनी सदस्य राष्ट्र असलेल्या मंगोलियाला भेट दिली, तेव्हा त्यांना अटक झाली नाही. मंगोलियाने आपले कर्तव्य पार पाडले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने नंतर काढला. उलटपक्षी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या ब्रिक्स परिषदेला ते स्वतः गेले नाहीत. एवढ्यावरून वॉरंटाचे बळ किती व दुबळेपणा किती याची कल्पना यावी.

मग एवढ्या कष्टाने सिद्ध केलेल्या या अधिकाराचा उपयोग काय? ज्या गावांवर दोन राष्ट्रे हक्क सांगतात तेथील माणसांची स्थिती विचित्र असते. नकाशावर त्यांचे दोन मालक असतात, संकटात मात्र कोणीच नसतो. एका सरकारचा हात तेथे पोहोचत नाही. दुसऱ्या सरकारच्या हातूनच कदाचित इजा झालेली असते. सार्वभौमत्वाचा वाद मिटेपर्यंत न्यायाने थांबावे असे म्हटले, तर वाद जितका लांबेल तितकी गुन्हेगाराला अभयाची मुदत मिळते, आणि वाद लांबविण्यात त्याचाच फायदा होतो. सीमांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. साक्षीदारांचे आयुष्य तेवढे नसते. जाळलेल्या गावातील जी वृद्धा आज आपली जबानी देऊ शकते, तिची जबानी आजच लिहून घेतली पाहिजे. शेत कोणाचे, हे पुढे केव्हातरी ठरेल.